अहिल्या कोणाबरोबर गेली

—थांब हं, एवढं लिहून घेते, मग बोलू. 'शनिवार, अठरा ऑक्टोबर. सात अंश. सकाळपासून धुकं, टाउनुसचे डोंगर दिसत नाहीत, वारा नाही. धनत्रयोदशी.' हं, झालं. तेरा वर्षं रोज लिहितेय रे – आधी तारीख, मग हवा, मग बाकीचं. हसतोस काय? बस ना, श्रीनाथ. बर्लिनहून एवढा बाड हॉम्बुर्गपर्यंत आलास, निदान चिवडा तरी खा. चमचा नको? हातानेच? गेनाऊ, अगदी बरोबर! जन्म मॉरिशसचा असेना का, हात कोकणातलाच.

नाही, पाकीट नको अजून. ठेव तिथे टेबलावर. आधी चहा. तुझ्या आजीने, चारुलताबाईंनी, तिकडच्या दप्तरखान्यात खेटे घालून जुन्या नोंदवहीतल्या त्या पानाची नक्कल मिळवली, आणि तू न फोडता इथवर आणलीस – मला नसतं जमलं. तुला मराठी समजतं पण बोलवत नाही, हे माझ्या पथ्यावरच पडलंय. माझ्या शिवांगीला पण समजतं, पण ती 'येत्स्ट निश्ट', आत्ता नको, म्हणते आणि खोलीचं दार लावून घेते. तू बिचारा चिवडा खातोस आणि ऐकतोस.

तर आमचे बाबाजी. माझ्या खापरपणजोबांचे वडील, आणि तुमच्या घराण्याचेही मूळपुरुष. गुहागरजवळचं गाव, जमीन नावापुरती. अठराशे त्रेचाळीसमध्ये कामाला म्हणून मुंबईला गेले ते गेलेच – मागे बायको अहिल्या, वीस वर्षांची, आणि दोन वर्षांचा मुलगा. घरात एवढंच माहीत. मॉरिशसला उसाच्या मळ्यावर गेले हे मी शोधलं, मी! इंग्रजांच्या मजुरांच्या यादीत – 'बाबाजी, बाप रघोजी, गाव, तालुका, डाव्या कानाची पाळी फाटलेली, नंबर आठ हजार एकशे चौदा.' तिकडे उतरलेल्या प्रत्येकाला नंबर द्यायचे ना, तो मरेपर्यंत सुटायचा नाही. एश्बॉर्नच्या ऑफिसात मी सॉफ्टवेअर तपासते रे, दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेते – नंबर सापडला की मला कोण आनंद! लगेच मृत्यूच्या नोंदी काढायला बसले. तारीख तर घरातच होती. दादा, म्हणजे माझे वडील, दर वर्षी मार्गशीर्ष वद्य पंचमीला बाबाजींचं श्राद्ध करतात. शके सतराशे सत्त्याहत्तर, म्हणजे डिसेंबर अठराशे पंचावन्न. झालं, मी त्या डिसेंबरच्या मागे लागले. एकेक मळा, एकेक इस्पितळ. तीन वर्षं, श्रीनाथ! किती मेले त्या महिन्यात, सगळे मला पाठ आहेत – आमचा मात्र त्यात नाही.

आणि मग एकदा फोनवर दादा काय म्हणतात? 'अगं, ती मेल्याची तिथी कुठे, ती पुतळा जाळल्याची.' आल्झो – बघ, तुमच्याकडे हे आहे का माहीत नाही. माणूस बारा वर्षं बेपत्ता असला की तो गेला असं धरायचं, दर्भाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, दिवस घालायचे, आणि पुढे तीच तिथी पाळायची. त्रेचाळीस अधिक बारा – पंचावन्न! पहिलीतल्या पोराला जमेल. मी म्हटलं, 'दादा, हे आधी का नाही सांगितलंत?' म्हणाले, 'तू विचारलंस कुठे?' त्यांना वाटलं, हे काय सांगायचं, सगळ्यांना माहीत असतं.

म्हणजे इकडे पोरगा डोकं भादरून बापाचे दिवस घालतोय, आणि तिकडे बाप ऊस तोडतोय, धडधाकट. विनोदीच आहे, हस तू. मीही हसले. मग एकदम अहिल्या आठवली. पुतळा जाळला म्हणजे तिच्या बांगड्या फोडल्या असणार ना. कुंकू पुसलं. नवरा जिवंत, आणि ही बत्तिसाव्या वर्षी विधवा.

तिचं नाव घरात कोणी घेत नाही. का? तर ती पळून गेली. विधवा बाई, घरात सतरा वर्षांचा लग्न झालेला मुलगा, आणि शके सतराशे ऐंशीच्या पौषात दाभोळ बंदरावर एका कोटवाल्या परक्या माणसाबरोबर गलबतात बसली. भर दुपारी, लोकांनी पाहिलं. बस, एवढंच. तेव्हापासून घराण्याला डाग.

आता ऐक. आमच्या नंबर आठ हजार एकशे चौदानं ऑक्टोबर अठराशे अठ्ठावन्नमध्ये मॉरिशस सोडलं. मुंबईच्या जहाजात चढला. ही नोंद माझ्याकडे आहे. पौष म्हणजे जानेवारी. बघ, तुझेही डोळे मोठे झाले! पण थांब. तारीख जुळली म्हणजे माणूस जुळत नाही, हे मी डिसेंबर पंचावन्नवरून शिकलेय. तो गावी आलाच नसेल. कशाला येईल? आला असता तरी घरात कोण घेणार? ज्याला अग्नी दिला तो परत आला तर त्याला पुन्हा जन्मापासून सुरुवात – जातकर्म, बारसं, बायकोशी पुन्हा लग्न – नाहीतर उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. मग मुंबईतच दुसरी कोणी पाहिली असेल, तिला घेऊन परत मॉरिशसला गेला असेल. तुमच्या घरात काय सांगतात? पहिली आजी मुंबईहून जहाजानं आली, नाव माहीत नाही. म्हणजे ती दुसरीही असू शकते. आणि आमची अहिल्या खरोखरच कोणा कोटवाल्याबरोबर... असू दे की. गेली तर गेली. मला काय त्याचं?

आहे, मला आहे. तुला खरं सांगते, बाबाजींशी माझं काही देणंघेणं नाही. मी पुण्याचं घर सोडून, नवऱ्याला सोडून, चार वर्षांच्या शिवांगीला घेऊन इथे आले ना, तेव्हा आमची सरिताआत्या सगळ्यांसमोर म्हणाली, 'अहिल्येच्या वळणावर गेली.' मी अहिल्या हे नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. दादा समोरच बसले होते. काही बोलले नाहीत. तेरा वर्षं झाली, अजून बोलले नाहीत – फोनवर हवा विचारतात. म्हणून मीही सांगते, सात अंश, धुकं.

जाऊ दे. हे तुझ्या आजीला सांगू नकोस. चहा निवला तुझा. आण ते पाकीट. नको, कात्री नको, मी फाडते. केवढं बारीक अक्षर – चष्मा... हा काय, डोक्यावरच. तू नको वाचूस, मी वाचते. हं.

'बाबाजी, बाप रघोजी. जुना नंबर आठ हजार एकशे चौदा. मुंबईहून दुसऱ्यांदा आगमन, सव्वीस फेब्रुवारी अठराशे एकोणसाठ. सोबत एक स्त्री. नातं – पत्नी. नाव – अहिल्या. वय छत्तीस. गाव – तेच.'