मिळत नाही, कारण खाली दिले आहे

आजच्या निरोपसभेचे सन्माननीय अध्यक्ष, संस्थेचे सचिव, आमचे प्राचार्य, मधल्या खुर्चीत अवघडून बसलेल्या आमच्या गणिताच्या बाई, त्यांचे यजमान, सूनबाई, सहकारी प्राध्यापक, कार्यालयातील मंडळी आणि मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

मी भौतिकशास्त्र शिकवते. मला पाच मिनिटे दिली आहेत आणि गोड बोलायला सांगितले आहे. पाच मिनिटांचे मी नक्की पाळीन.

बाई फळ्यावर दोन बाण काढायच्या आणि म्हणायच्या, "हे दोन व्हेक्टर आपल्या हाताशी आहेत. आता हा तिसरा हवाय. पहिला किती ताणू, दुसरा किती आखडू, म्हणजे दोन्ही जोडून तो मिळेल?" प्रश्न एवढाच. जे हवे आहे, ते हाताशी असलेल्यातून मिळते का? राज्य चालवणाऱ्यापासून स्वयंपाक करणाऱ्यापर्यंत कोणाची यातून सुटका आहे?

पण बाईंची खोड वेगळीच. प्रत्येक परीक्षेत त्या एक गणित असे घालायच्या, की तिसरा बाण पहिल्या दोघांतून निघतच नाही. तिथे "मिळत नाही" एवढेच लिहायचे आणि खाली कारण द्यायचे. त्याला पूर्ण गुण. ओढूनताणून उत्तर काढले, की भोपळा. एकदा एक जण स्टाफरूममध्ये भांडायला आला.

"बाई, दोन पानं लिहिलीत हो!"

"अक्षर छान आहे तुझं."

"मग निदान एक गुण?"

"अरे, नसलेलं उत्तर इतकं सुंदर सजवलंस, गुण कशाला देऊ?"

हसा, हसा. तो तिथे भिंतीपाशीच उभा आहे.

आता मागच्या आठवड्याची गोष्ट. बाई निवृत्त झाल्या, की त्यांची जागा भरायची नाही, असे ठरले आहे. त्यांचे काम तिघांत वाटायचे: संख्याशास्त्राचे सर, संगणकाचे सर आणि मी. सचिवसाहेब स्टाफरूममध्ये म्हणाले, "थोडं यांनी, थोडं त्यांनी. तिघं मिळून एक बाई होतातच की!" साहेब, आपण बाईंच्याच विषयात पाऊल टाकलेत. मग उत्तरही त्याच विषयात घ्या.

बाईंच्या कामाचा एक व्हेक्टर मांडू. त्याचे तीन घटक. एक, वर्गावरचे तास. दोन, उत्तरपत्रिका. आणि तीन, शनिवार दुपारचा अडलेल्यांचा तास. या तासाला हजेरी नाही, फक्त दार उघडे. पोरगी येऊन म्हणते, "बाई, काहीच कळत नाही." बाई विचारतात, "काहीच नाही, ते कुठपासून नाही?" आणि तिथपासून सुरू करतात. सूनबाई मघाशी सांगत होत्या, की "आमच्या घरात शनिवारी दुपारी लग्नसुद्धा ठेवायची सोय नाही, आईच नसतात!"

आता आमचे तीन व्हेक्टर घ्या. तास आम्ही घेतो. पेपर आम्ही तपासतो. आणि शनिवार? संख्याशास्त्र, शून्य. संगणक, शून्य. भौतिकशास्त्र, शून्य. आता आम्हाला दुपटीने ताणा, दसपटीने ताणा, हवे तसे जोडा. शून्याची बेरीज कुठवर जाणार? शनिवारचे दार बंदच राहील. आणि या भिंतीला टेकलेली निम्मी मुले गणितात अडकून पुढच्या सत्रात घरी बसतील. साहेब, वेळापत्रकाच्या चौकटी भरतील हो, ही मुले कुठे भरायची?

काल मी बाईंना म्हटले, "शनिवारचा तास मी घेते."

"घे की. पण तू घेतलास, की तेच म्हणतील, बघा, जागा न भरता भागलं."

"मग काय करू?"

"मला काय विचारतेस? मांड आणि सोडव!"

मांडले. येत्या शनिवारी दार मी उघडणार. मुलांनी निर्धास्त यावे. पण मी शनिवार धरला, की माझा प्रयोगशाळेचा तास सुटतो. मी ताणली जाईन, वाढणार नाही. म्हणून वेळापत्रकातल्या शनिवारच्या चौकटीत माझे नाव जाणार नाही. गणिताचा माणूस नेमला जाईपर्यंत ती चौकट रिकामी राहील, आणि ज्याला बघायची त्याने ती रोज बघावी. या वाटपाला तिघांच्या सह्या हव्या होत्या. दोन झाल्या. त्या सहकाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांना संसार आहेत. मलाही आहे.

बाई, तुम्ही मान खाली घालू नका. निरोप तुम्हाला आहे, तुमच्या कामाला नाही.

अध्यक्ष महोदय, आपण मध्येच घंटा वाजवली नाहीत, आणि सभागृहाने कान दिला, याबद्दल मनापासून आभार. कोणाचा मान राखायचा राहिला असेल, आवाज चढला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. म्हणणे मात्र मागे घेत नाही.

तो वाटपाचा कागद आपल्यासमोर ठेवते. सहीच्या जागी मी लिहिले आहे, "मिळत नाही." कारण खाली दिले आहे.

गुण आपण नका देऊ. त्या बघा, बाई पर्समध्ये लाल पेन शोधताहेत.