बांधावरचा धोंडा

पांढुर्ण्याहून सौंसरला निघालेल्या बसमध्ये विजयाबाई मास्तरीण डोळे मिटून बसल्या होत्या. पुढच्या सीटवर कॉलेजात कॅमेऱ्याचं शिकणाऱ्या दोन पोरी बोलत होत्या.

“अमिता, हे पाह्य. आज सकाळी मळ्यात काढलं. आधी संत्र्यावर फोकस, मंग हळूच बाबांवर, मंग मागच्या बांधावर. सर म्हणते, पाहणाऱ्याची नजर आपणच फिरवाची.”

“मस्त जमलं व. बांधावर तो धोंडा हाये काय?”

“धोंडाच असन.”

“थांब, सुचिता. मोठं कर. धोंड्याले कान राह्यते काय?”

विजयाबाईंनी डोळे उघडले.

“अव माय! बिबट हाये हा! बाबांच्या पाठीमागंच!”

“बाबा कुठी हायेत आता?”

“तिथंच, झाडायले पाणी देऊन राहिले. फोन नाही उचलून राहिले.”

“पुन्हा लाव. स्पीकरवर टाक.”

“हॅलो, बाबा! बांधावर बिबट हाये! मोटारीच्या खोलीत जा, दार लावा!”

“बिबट? अव पोरी, तुही आई डबा घेऊन त्याच बांधानं येऊन राहिली!”

“आवाज द्या तिले! जोरानं!”

फोनमधून हाक ऐकू आली, मग आणखी एक. विजयाबाईंनी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला.

“काहाले बोंबलता? येऊन तं राहिली!” फोनमधून दुरून आईचा आवाज आला.

“आई, पळ! मागं पाहू नको!”

फोनमध्ये डबा पडल्याचा आवाज झाला. धावती पावलं आली आणि लोखंडी कडी लागली.

“बाबा? आई आली काय आत?”

“आली. आता बोलू नको, पोरी. बाहेर डबा वाजून राहिला.”