खाट अकरा

बायकोचे कपडे न्यायला दवाखान्यात गेलो होतो. लिफ्टसमोर प्रयोगशाळेतल्या मॅडम आणि त्यांची विद्यार्थिनी बोलत होत्या.

"मॅडम, आपण बदललेल्या जंतूला तीन कुलपं, आणि अकरा नंबरच्या खाटेवरच्या पेशंटचा जंतू, आपला 'खाट अकरा', साध्या फ्रिजमध्ये?"

"अगं, तो पेशंटच्या अंगात आपोआप बदलला. निसर्गाचं लेकरू, सगळं माफ!"

"पण जे औषध त्या जंतूवर चालत नाही, तेच यावरही चालत नाही."

"तेच सुरक्षा कमिटीपुढे ओरडतेय. कसा घडला ते सोडा, काय करतो ते बघा."

"त्या खाटेवरच्या बाई गेल्या म्हणे."

"हो. जंतू मात्र मजेत आहे. खाऊ घालतेस ना?"

"रोज."

"मॅडम," मी म्हणालो, "त्या खाटेवर माझी बायको होती. शेजारच्या खाटेवर एक मुलगी होती. ती कशी आहे?"

मॅडम लिफ्ट सोडून जिन्याने वॉर्डाकडे धावल्या.