आयुदारीआ, जरा मोठ्याने

“हॅलो?… हो, मीच… नाही ताई, मी कुठली झोपतेय. मुंगी झोपलीय.”

फोन नणंदेचा होता, रस्त्याच्या टोकाला असलेल्या तिच्या पडद्यांच्या दुकानातून. ही कपाट आणि खिडकीच्या मधल्या बोळकांडीत, तोंडावर हात धरून बसली होती. लेकीचा, म्हणजे मुंगीचा, पाळणा हाताच्या अंतरावर. घर एका खोलीचं, त्यामुळे स्पॅनिश शिकायची जागा हीच आणि वेळ लेकीच्या झोपेची.

“हो, जेवले… अहो खरंच. उभ्याने जेवले, पण जेवले.”

थोड्या वेळात दुसरा फोन यायचा होता, नोकरीच्या परीक्षेचा. शिलाई यंत्रांचे सुटे भाग परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीला, स्पॅनिश बोलणाऱ्या गिऱ्हाइकांचे फोन घरबसल्या घेणारी बाई हवी होती. लेकीला मांडीवर घेऊन करता येईल अशी नोकरी काही रोज दारात येत नाही. मागच्या खेपेला परीक्षा घेणाऱ्या बाईंना हिचं बोलणं ऐकूच गेलं नव्हतं. फोनच बिघडलाय, असं घरात सगळ्यांचं एकमत झालं. दुसऱ्या दिवशी नणंदेने स्वतःचा फोन आणून हिच्या हातात ठेवला. मला दुकानातला पुरतो म्हणाली, आणि चहाही न घेता गेली. बाईंनी पुन्हा फोन करायचं कबूल केलं होतं, पण ही शेवटचीच संधी, असंही बजावलं होतं.

“काय येत नाही म्हणजे… ते जर-तरचं रूप हो. अमुक असतं तर तमुक केलं असतं, तसलं… गिऱ्हाइकाशी अदबीने बोलायलाही तेच लागतं. तुम्हाला काय सांगू आता… बरं, सांगते. ऐका.”

मग तिने सांगितलं. ‘आयुदार’ म्हणजे मदत करणे. एरवी स्पॅनिश क्रियापद हातात आलं की आधी त्याची शेपटी छाटायची आणि मग नवी लावायची. इतके महिने ती तेच करत आली होती, हात अगदी बसला होता. पण जर-तरच्या रूपात छाटायचं काहीच नाही. अख्खं ‘आयुदार’ तसंच ठेवायचं आणि त्याला मागून ‘ईआ’ जोडायचं. हिचा हात मात्र सवयीने कात्री चालवायचा आणि भलतंच काहीतरी हातात यायचं.

“हां, बरोबर. तुमच्या पडद्याला खालून झालर लावतात ना, तसंच. कापड नाही कापायचं… हो, म्हणून दाखवते. आयुदारीआ, मी. आयुदारीआस, तू. आयुदारीआ, तो नाहीतर ती. आयुदारीआमोस, आपण. आयुदारीआइस, तुम्ही सगळे. आयुदारीआन, ते… चुकले नाही ना?… अहो, तुम्हाला कसं कळणार, ते माहितीये मला, पण विचारायला तरी कुणीतरी हवं ना.”

पलीकडून काहीतरी ठसक्यात आलं असावं, कारण ती तोंडावरचा हात आणखी घट्ट धरून हसली. मग वाक्यात वापरून दाखव, असा हुकूम सुटला.

“‘मी कुन्यादा मे आयुदारीआ’… ‘मी कुन्यादा’ म्हणजे माझी नणंद. तिला वेळ असता तर तिने मला मदत केली असती… ताई. अहो ताई, रागावताय काय, उदाहरण आहे ते… नाही, सासूबाईंवर करून चालणार नाही… बरं बाई, चुकलं. वेळ तुम्हाला कायम असतो. दुकान काय, आपोआप चालतं.”

तिने पाळण्याची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली.

“खरं सांगू का, ताई? मुंगी झाल्यापासून तुम्ही जे करताय ना… रविवारी तिला घेऊन जाता, मला बसू देता. सासूबाई म्हणाल्या, या वयात कशाला परकी भाषा, तर त्यांच्याशीही तुम्हीच भांडलात. तुमच्यावरून जर-तरचं वाक्य करायला बसले की अडते मी. ‘जर’ कुठे घालायचं तेच कळत नाही.”

बोलता बोलता तिचा आवाज आणखी खाली गेला होता.

“हॅलो?… ऐकलंत का?… काहीच नाही ऐकू आलं?… अहो, एवढं मनापासून बोलले. परत? परत नाही जमायचं मला… पण फोन तर चांगला आहे, तुमचाच आहे. मग ऐकू का…”

आणि तिच्या ध्यानात आलं. फोन आधीचाही चांगला होता. ती ही भाषा शिकली ती पहिल्या शब्दापासून कुजबुजत, पाळण्यापाशी, श्वासाच्या आवाजात. मोठ्या आवाजातलं स्पॅनिश तिच्या तोंडून अजून एकदाही निघालं नव्हतं. त्या ‘ईआ’तल्या ‘ई’वर जोर द्यायचा असतो हे तिला पाठ होतं. पण कुजबुजीत जोर देणार कसा?

“ताई, माझा आवाजच नाहीये हो. स्पॅनिशमध्ये मला आवाजच नाही… कसं ओरडू, मुंगी उठेल… उठली तर? अहो, ती उठली आणि तेवढ्यात त्यांचा फोन आला तर… बरं. बरं, म्हणते.”

ती उठून उभी राहिली. तोंडावरचा हात काढला.

“आयुदारीआ.”

खोली दचकली. तिला स्वतःलाच तो आवाज ओळखू येईना. कुणा धीट बाईचा वाटला.

“आयुदारीआस. आयुदारीआ. आयुदारीआमोस… येतंय का ऐकू?… समोरच्या फुटपाथलाही? काहीतरीच…”

तेवढ्यात पाळण्यातून एक हुंकार आला, आणि मागोमाग मुंगीने घर डोक्यावर घेतलं.

“झालं. उठली बघा, ताई. आता काय करू?… ताई?… हॅलो?… ताई, आहात ना?”

तिने लेकीला उचलून खांद्यावर टाकलं आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

“हॅलो… कोण बोलतंय?… गिऱ्हाईक? मग ताई कुठायत?… निघाल्या? फोन न ठेवताच? काय म्हणाल्या?… ‘दुकान सांभाळा’? तुम्हाला?… अहो, माफ करा हं, तुमचा खोळंबा केला… हो, माझीच लेक रडतेय, म्हणूनच पळाल्या त्या… चपलाही न घालता?”

डोळे भरून आले तसे तिने ते मुंगीच्या झबल्याला पुसले. जिन्यावरून अनवाणी पावलं वर येत होती. कानाशी परीक्षेचा फोन येत असल्याचं टुंक टुंक सुरू झालं.

“ऐका ना, एक कराल का? तिथेच बसा जरा. पडदे बघा, सगळे उलगडून बघा, त्या काही बोलायच्या नाहीत… हो. हो, नणंद आहेत माझ्या. ठेवते हं, माझा फोन येतोय. मला आता मोठ्याने बोलायचंय.”