दोन फ्लॅशचा फोटो

मी फोटोला घाबरत नाही हो, फ्लॅशला घाबरते. आता माझ्या चिनूच्या बोरन्हाणाचंच सांगते.

हलव्याचे दागिने घालून त्याला पाटावर बसवलं होतं. मंगेशभाऊजी, म्हणजे माझे दीर, नवीन कॅमेरा घेऊन आले. पहिल्याच फोटोत पोराचे डोळे लालभडक! मी धावत जाऊन त्याचे डोळे निरखून पाहिले.

"काही नाही वहिनी, फ्लॅशनं येते तसं. मोड बदलवतो. आता आधी छोटा फ्लॅश पडते, मग मोठा. फोटो मोठ्यावर निघते."

"दोन-दोन? डोळे जातीन ना त्याचे!"

"अवो, त्या छोट्यानंच लाल येत नाही."

समजलं मला सगळं. पण छोटा फ्लॅश पडला की माझा हात आपोआप चिनूच्या डोळ्यांवर जायचा, आणि मोठ्या फ्लॅशमध्ये माझा हातच यायचा. परत काढला, परत हात. तोवर चिनूने गळ्यातला हलव्याचा हार चाटून निम्मा संपवला.

सासूबाई म्हणाल्या, "हार संपल्यावर काढता का फोटो?" त्यांनी माझा उजवा हात धरला, नणंदेने डावा. "काढ गा मंगेश, लवकर!"

फोटो छान आला. चिनूचे डोळे काळेभोर, तोंडात हलवा. मागे मी, दोघींनी दोन्हीकडून पकडलेली.

परवा शेजारच्या काकूंनी तो भिंतीवर पाहिला. "तुले काहून धरून ठेवलं वं?"

मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी चहा गाळता गाळता सांगितलं, "पोराचा फोटो काढून राहिलो होतो."