मालगुजारांनी टीम नाकारली

टीमचा मालक कोण यावरून तुम्ही भांडून राहिले, म्हणून सांगतो. आमच्या जवानीत, इंग्रजांच्या राज्यात, नागपुरातली आमची फुटबॉल टीम एक मालगुजार, म्हणजे गावांचा सारा वसूल करणारे मोठे जमीनदार, पोसायचे. पुढं त्यांचं दिवाळं निघालं. कोर्टात आम्ही मॅच बघणारे सारे हजर होतो.

जज्जसाहेबांनी विचारलं, "फुटबॉलची टीम तुमचीच ना?"

"नाही. माझा तिच्याशी संबंध नाही."

माझा दोस्त गणपत रागानं उठून बाहेर गेला. मालगुजारांच्या वकिलानं त्याला व्हरांड्यात गाठलं. "अरे, ते हो म्हणाले असते, तर बॉल, बूट, कप, सारं लिलावात गेलं असतं."

रविवारी मला घेऊन गणपत मालगुजारांच्या दारात उभा.

"मालक, चला, मॅच आहे."

"आता कायचा मालक गा? कोर्टात नाही म्हणून आलो मी."

"मंग आमच्यातले होऊन चला. तुमच्यासाठी जागा धरून ठेवली."

त्या दिवशी ते पहिल्यांदाच खुर्ची सोडून आमच्यासोबत गवतावर बसले. आपला गोल झाला तेव्हा त्यांनी गणपतचा हात धरला, तो मॅच संपेपर्यंत सोडला नाही.