कोळप्याला जुंपलेली राजदूत

लोहाऱ्याच्या स्टँडवर एसटीची वाट बघत बसलेल्या श्रावस्तीला शेजारच्या बाकावरच्या नवराबायकोचं बोलणं ऐकायचं नव्हतं. पण म्हाताऱ्याचा आवाज अख्ख्या स्टँडला पुरून उरेल असा होता.

“माझी जवानीतली फटफटी, माझी राजदूत! त्या ज्ञानोबानं तिला मागं कोळपं जोडलंय गं! सोयाबीन कोळपतोय तिच्यानं!”

“घावली तर खरी! इकलेली गाडी हुडकत वरीसभर गावं पालथी घातली तुमी.”

“पोळ्याला हँडलाला हिंगूळ लावतो म्हणं, झूल घालतो! मारुतीपुढं बैलांच्या रांगेत उभी करतो!”

“तुमी तर तिला कधी फडकं बी मारलं न्हाय. मागायची की परत.”

“मागितली! तर म्हणला, दावणीचं जनावर आमी इकत न्हाय.”

“आन् नुसती एक चक्कर?”

“तेवढीच मागितली, हात जोडून! तर म्हणतो कसा, आज सोमवार हाय, नंदीचा वार. सोमवारी आमी जुंपत न्हाय.”

“आन् तुमी गप ऱ्हायलात?”

“मग काय करू? म्या बी शेतकऱ्याच्याच पोटचा हाय. सोमवारी जुंप म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?”